दर्यावरची माणसे आणि त्यांची बोली

आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही आठवडे-बाजारात एका कडेला सुकट-बोंबलाच्या पाट्या मांडलेल्या दिसतात. बाजरीच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी खाल्ली नाही अशी शेतकऱ्यांची घरे आपल्याकडे थोडीच असतील. परंतु ही सुकट कोठून आली, ती कोणी पकडली, कोणी वाळविली, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. समुद्र आणि आपण यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. पूर्वी मीठ आणि सुकी मासळी घेऊन वंजाऱ्यांचे तांडे नाणेघाटाने वर चढत. आज मालमोटारी माळशेज घाटाने येतात. माल वर आला, पण माल पाठविणारी माणसे मात्र आपल्याला अनोळखीच राहिली. त्या माणसांविषयी, म्हणजे कोकणपट्टीवरील कोळ्यांविषयी, आज चार गोष्टी मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

'नगरच्या श्रोत्यांना दर्याची कथा कशाला?' असे कोणी म्हणेल. त्याला आमचे उत्तर असे की, आपल्या शहराच्या इतिहासाला दर्याचे ऋण आहे आणि ते आपण अजून फेडलेले नाही. मलिक अहमदाने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य स्थापिले आणि १४९४ मध्ये सीनेच्या काठी हे नगर वसविले, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु या भुईकोटाच्या राज्याचा एक पाय समुद्रात होता, याचा आपल्याला विसर पडतो. चौल हे निजामशाहीचे बंदर होते. अरबस्तानातले घोडे तेथे उतरत आणि घाट चढून इकडे येत. त्याच चौलासाठी निजामशाहीने १५७०-७१ मध्ये पोर्तुगीजांशी मोठा संग्राम मांडला. पुढे १५९४ मध्ये चौलसमोरील कोरलईचा डोंगर पोर्तुगीजांनी घेतला, तेव्हा त्या पराभवाची झळ येथपर्यंत पोहोचली असेल यात शंका नाही.

चौलच्या दक्षिणेस दंडा-राजपुरी आहे. तेथील खाडीच्या तोंडाशी एक खडकाळ बेट आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस या बेटावर राजपुरीच्या कोळ्यांनी लाकडी मेढी ठोकून एक कोट उभारला होता. समुद्रातून येणाऱ्या लुटारूंपासून आपली बायकामुले व मासळी वाचावी एवढाच त्याचा हेतू. कोळ्यांचा प्रमुख राम पाटील म्हणून होता. हा पाटील वरचढ होऊ लागला असे निजामशाही अधिकाऱ्यांना वाटले, आणि त्यांनी पिरमखान नावाच्या सरदारास पाठविले. परंपरा सांगते की, पिरमखान व्यापाऱ्याच्या वेषाने आला, कोळ्यांना त्याने मद्य पाजले, आणि मालाच्या नावाखाली आणलेल्या पिंपांतून शिपाई बाहेर काढून मेढेकोट ताब्यात घेतला. पुढे तेथे दगडी किल्ला झाला, सतराव्या शतकात तो सिद्दींकडे गेला आणि १९४८ पर्यंत त्यांच्याकडेच राहिला. जगाला तो 'जंजिरा' या नावाने माहीत आहे. 'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा' म्हणजे बेट यावरून आला. म्हणजे कोळ्यांच्या हातून बेट तर गेलेच, पण बेटाचे नावही जिंकणाऱ्यांच्या भाषेतले झाले.

या हकिकतीतील पिंपे आणि मद्य खरे किती आणि रंगविलेले किती, हा वाद तज्ज्ञांनी घालावा. आमचे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे आहे. ही हकिकत सांगितली गेली ती किल्ल्याच्या निमित्ताने. निजामशाहीचा दरबारी इतिहास 'बुर्हाने मआसिर' येथेच, दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाच्या आश्रयाने, सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लिहिला जाऊ लागला. अशा ग्रंथांना सुलतान दिसतात, स्वाऱ्या दिसतात, किल्ले दिसतात. मेढेकोटातले कोळी त्यानंतर कोठे गेले, त्यांनी जाळी कोठे टाकली, मुलांना काय सांगितले, हे अशा ग्रंथाने सांगावे अशी अपेक्षाच करता येत नाही. दर्यावरच्या माणसांचा इतिहास बहुधा घाटावरच्या माणसांनी लिहिला आणि तोही आपल्या सोयीपुरता लिहिला.

मराठ्यांच्या काळातही एक कोळी क्षणभर प्रकाशात येतो. शिवछत्रपतींनी जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग बांधला. तेथील लाय पाटील या कोळ्याने १६७६ च्या मोहिमेत काळोख्या रात्री होड्या नेऊन जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या; पण मागून यावयाची फौज वेळेवर पोहोचली नाही, उजाडू लागले आणि बेत फसला. महाराजांनी या धाडसाबद्दल त्यास पालखीचा मान देऊ केला. लाय पाटलाने विनयाने सांगितले की, आम्ही दर्यावर फिरणारी माणसे, आम्हांस पालखी काय कामाची? तेव्हा महाराजांनी त्याच्यासाठी एक गलबत बांधविले आणि त्या गलबताचे नाव 'पालखी' ठेवले, असे सांगतात. ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. पालखी हा घाटावरचा मान आहे. देणारा थोर होता म्हणून त्याने तो मान घेणाऱ्याच्या भाषेत उतरवून दिला. आमच्या आजच्या विषयाचे सार या एका गोष्टीत आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. 'कोळी' म्हटले की आपल्या जिल्ह्यातील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे अकोले तालुक्यातील महादेव कोळी उभे राहतात. रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या कुशीत राहणारे हे डोंगरी शेतकरी. इंग्रजांविरुद्ध बंड करून १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे हे त्यांच्यातलेच. समुद्रकाठचे सोनकोळी निराळे. त्यांचा धंदा मासेमारीचा, त्यांची बोली वेगळी, चालीरीती वेगळ्या. पालघरकडे मांगेले, वैती हे समाजही हाच धंदा करतात. वसई, उत्तनकडे ख्रिस्ती झालेले कोळीही आहेत. त्यांनी धर्म बदलला, पण होडी आणि जाळे सोडले नाही.

मुंबई म्हणून जे महानगर आपण ओळखतो, ती मुळात मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम, धाकटा कुलाबा आणि कुलाबा अशी सात बेटे. या बेटांवरचे जुने रहिवासी कोळी. मुंबादेवी ही त्यांची देवी आणि तिच्यावरून शहराचे नाव. १६६१ च्या विवाहाच्या तहाने ही बेटे पोर्तुगालच्या राजाने इंग्लंडच्या राजास आंदण दिली आणि १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ज्या भूमीची देवघेव केली, तिच्या किनाऱ्यावर त्या वेळीही कोळ्यांची जाळी वाळत होती.

आता या माणसांचे रोजचे जीवन पाहू. उत्तर कोकणात बोंबील पकडावयाचे मुख्य साधन म्हणजे डोल. डोल ही जाळ्याची एक प्रचंड पिशवी असते, तोंड रुंद आणि शेपूट निमुळते. समुद्रात ती एका जागी रोवून अथवा नांगरून ठेवतात, तिचे तोंड प्रवाहाकडे करतात आणि पाण्याच्या ओढीने मासळी आपोआप आत जाते. माशाच्या मागे धावावयाचे नाही. पाण्यालाच कामाला लावावयाचे. म्हणून डोल लावणाऱ्याला पाणी कळले पाहिजे. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी क्षणभर पाणी थबकते. जाळे लावणे आणि ओढणे या वेळेवर अवलंबून असते. वेळ चुकली तर प्रवाह फिरतो आणि आत आलेली मासळी बाहेर जाते.

ही वेळ कोळी कशी ओळखतो? आपल्या घरी पंचांग असते ते एकादशी आणि मुहूर्त पाहण्यासाठी. त्याच्या घरी तिथी म्हणजे घड्याळ. किनाऱ्यावर एक सोपा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ साधारणपणे कळते. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पाणी भरणार. अष्टमीला सहा. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते हे सत्य त्या पाढ्यात बसविले आहे. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही त्यानेही हे गणित बोटांवर केले आणि त्याच्या आधारावर काळोखात होडी लोटली.

त्याहून मोठे गणित पंधरवड्याचे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला जोराची भरती येते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास पाणी मंद होते, तो भांग. उधाणात ओढ जोराची म्हणून डोलीला मासळी भरपूर. भांगात ओढ कमी म्हणून काम थोडे, आणि त्या दिवसांत जाळी दुरुस्त करावयाची, होडी डागडुजायची, सोयरीक जुळवायची. कोळीवाड्याचा आठवडा सोमवार-मंगळवाराचा नव्हे, उधाण आणि भांग यांचा आहे. वाऱ्याचेही तसेच. पहाटे जमिनीवरून दर्याकडे वाहणारा तो मतलई वारा. त्याने शिडाच्या होड्या बाहेर जावयाच्या. दुपारी दर्यावरून खारा वारा सुटला की परत यावयाचे. जोपर्यंत होड्यांना यंत्रे बसली नव्हती तोपर्यंत या दोन वाऱ्यांवर कोळ्याचा दिवस उगवे आणि मावळे.

होडीवरची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. होडीचा मालक नाखवा, होडी चालविणारा तांडेल आणि बाकीचे खलाशी. मासळी विकून आलेल्या पैशांतून खर्च वजा करतात आणि उरलेल्याचे वाटे पाडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि माणसांचे वाटे. प्रमाण गावागणिक बदलते, पण तत्त्व एकच की, दर्याने दिले तर सर्वांना मिळावे आणि न दिले तर तोटाही सर्वांनी सोसावा. आपल्याकडे बटाईने शेती करणाऱ्यास हे तत्त्व सहज समजेल. फरक एवढाच की, शेतात तोटा आला तर माणूस कर्जात जातो. दर्यावर कधीकधी माणूसच परत येत नाही.

आणि माणूस दर्यावर असताना घर कोण चालविते? कोळीण. होडी किनाऱ्याला लागली की पुरुषाचे काम संपते आणि बाईचे सुरू होते. मासळी निवडावयाची, बोंबील उन्हात टांगून वाळवावयाचे, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठावयाचा, गिऱ्हाइकाशी घासाघीस करावयाची आणि आलेला पैसा कनवटीला लावावयाचा. बाजार तिचा आणि तिजोरीही तिची. आपल्याकडच्या सुधारकांनी स्त्रीच्या आर्थिक स्वातंत्र्याविषयी व्याख्याने देण्याच्या कितीतरी आधीपासून कोळीणबाई ते उपभोगीत आलेली आहे. याची किंमतही तिने मोजली. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत पाठ टेकली नाही.

जेथे संकट नित्याचे तेथे देवही जवळचे असतात. पावसाळ्यात खवळलेला दर्या श्रावणात निवू लागतो, तेव्हा नारळी पौर्णिमेला कोळीवाडे वाजतगाजत किनाऱ्यावर येतात आणि सोनेरी कागदाने सजविलेला नारळ दर्याला अर्पण करतात. आपल्याकडे त्या दिवशी राखी आणि नारळीभात एवढेच उरले आहे. तेथे तो नव्या हंगामाचा आरंभ आहे. चैत्रात हेच लोक बोरघाट चढून कार्ल्याच्या एकवीरेला येतात. दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या बौद्ध लेण्याच्या दारात उभी असलेली ही देवी समुद्रावरच्या माणसांची कुलदेवता व्हावी, हे मोठे अर्थपूर्ण आहे. ज्या घाटातून बंदराचा माल वर चढत असे, त्याच वाटेवर ती बसली आहे. लग्नकार्यात आगरी-कोळी समाजात धवलारीण लागते. ही बाई विधी चालविते आणि प्रसंगाप्रसंगाचे धवले गाते. तिच्यापुढे पोथी नसते. सारी पोथी तिच्या कंठात असते. एक धवलारीण गेली आणि मागे शिकलेली नसली, तर त्या कोळीवाड्याचे एक ग्रंथालयच बंद पडते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. हे सारे ज्ञान कोठे साठविलेले आहे? कागदावर नाही. ते बोलीत आहे. कोळ्यांची बोली मराठीचीच. तीत 'ळ' चा 'ल' होतो, 'ण' चा 'न' होतो, 'होडी' ची 'होरी' होते. ग्रिअर्सनने १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाषा-पाहणीच्या सातव्या खंडात मराठीच्या बोलींमध्ये तिची नोंद केली आहे. शहरातल्या मास्तरने तिला अशुद्ध म्हटले. वस्तुतः तिच्यात इतिहासाचे दस्तऐवज आहेत. 'नाखवा' हा फारसी 'नाखुदा', म्हणजे जहाजाचा धनी. 'खलाशी' अरबीतून आला, 'बंदर' आणि 'दर्या' फारसीतून. ज्या काळी अरबी-इराणी गलबते चौलला लागत होती, त्या काळाची साक्ष या शब्दांत आहे. पेशवे दफ्तरातील रुमालाप्रमाणेच हे शब्दही उघडून वाचावे लागतात.

यातले काही शब्द घाट चढून आपल्यापर्यंत आले. आपण 'महागाईला उधाण आले' म्हणतो, 'संस्थेचे सुकाणू' म्हणतो. ज्याने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही तोही हे शब्द वापरतो. पण 'भांग' हा शब्द घाट चढला नाही. शाळेच्या भूगोलात तो एकदा भेटतो आणि परीक्षेबरोबर विसरला जातो. आपल्यासाठी भांग एक तर केसांतला, नाही तर शिवरात्रीचा. उधाण आपल्याला हवे, कारण ते नेत्रदीपक आहे. भांगाचे मंद दिवस, जेव्हा जाळी शिवली जातात आणि घर चालते, ते आपल्याला नकोत. आमच्या शाळांच्या संमेलनांत कोळीनृत्य नाही असे वर्ष जात नाही. मुले वल्ही मारण्याचा अभिनय छान करतात. पण त्या नृत्यात नाखवा कोण आणि तांडेल कोण, हे त्यांना विचारून पाहावे. आपण कोळ्यांचा पोशाख आणि ठेका घेतला. त्यांचे ज्ञान घेतले नाही.

अशा एखाद्या लहान, अनक्षर समजल्या गेलेल्या बेटकरी समाजाने आपला इतिहास आपणच लिहिल्याचे उदाहरण जगात आहे काय? आहे, आणि त्यासाठी थोडे दूर, आयर्लंडच्या पश्चिम टोकाला जावे लागेल. केरी परगण्याच्या किनाऱ्यासमोर अटलांटिक महासागरात ब्लास्केट नावाचे बेट आहे. तेथे गेलिक, म्हणजे जुनी आयरिश भाषा बोलणारे मासेमार राहत. सर्वांत भर होता त्या काळी, १९१६ च्या सुमारास, त्यांची संख्या पावणेदोनशेच्या आसपास होती. बेटावर ना वैद्य, ना धर्मगुरू, ना दुकान. लाकडी सांगाड्यावर डांबर फासलेले कापड ताणून केलेल्या हलक्या होड्यांतून ते बांगड्याच्या जातीचे मासे आणि शेवंडी पकडीत. आयर्लंडात १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळाने गेलिक बोलणारी प्रजा मेली वा परदेशी गेली. इंग्रजी ही भाकरीची भाषा झाली. गेलिक ही दरिद्री लोकांची बोली म्हणून लाजेची गोष्ट ठरली.

मग एक चमत्कार घडला. ही भाषा तिच्या जिवंत रूपात ऐकण्यासाठी पंडित या बेटावर येऊ लागले. १९०७ मध्ये नॉर्वेहून मार्स्ट्रांडर आला, १९१० पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील रॉबिन फ्लॉवर येऊ लागला. ते शिकविण्यासाठी आले नव्हते, शिकण्यासाठी आले होते. आपल्याजवळ काही आहे, हे बेटकऱ्यांना त्यामुळे उमगले. टोमास ओक्रोहन नावाचा एक मासेमार, ज्याने आपली मातृभाषा लिहावयास प्रौढपणी शिकून घेतली होती, त्याने आपल्या आयुष्याची हकिकत लिहिली. 'बेटकरी' अशा अर्थाच्या नावाने ती १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. मॉरिस ओसलिव्हन या तरुणाचे पुस्तक १९३३ मध्ये आले. पेग सेयर्स या म्हातारीने आपली कहाणी मुलाला तोंडी सांगून उतरवून घेतली, ती १९३६ मध्ये आली. पेगबाईला आपल्या धवलारणीची बहीणच म्हटले पाहिजे; तिच्याही कंठात पोथी होती. फरक एवढाच की, तिच्याजवळ लिहून घेणारा बसला.

पुस्तके राहिली, बेट राहिले नाही. तरुण अमेरिकेला गेले. १९४७ च्या आरंभी एक तरुण मेंदूच्या ज्वराने दगावला. समुद्र खवळलेला असल्याने डॉक्टरला आणता आले नाही. लोकांनी सरकारला साकडे घातले. अखेर १७ नोव्हेंबर १९५३ रोजी बेट सोडण्यास प्रारंभ झाला. तेव्हा उरलेली माणसे अवघी बावीस होती. स्कॉटलंडच्या सेंट किल्डा या गेलिक बेटावरूनही १९३० मध्ये शेवटची ३६ माणसे अशीच उतरली होती. आज ब्लास्केटच्या समोरच्या किनाऱ्यावर त्या लोकांच्या स्मृतीसाठी एक केंद्र आहे. ते १९९३ मध्ये उघडले. पण लोक येतात ते ती पुस्तके वाचून येतात.

ब्लास्केट आणि आपले कोळीवाडे यांची तुलना करताना एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. ब्लास्केट ओस पडले ते दूर होते म्हणून. जगाने त्याची विचारपूस केली नाही. आपल्या कोळ्यांवरचे संकट उलट आहे. जग त्यांच्या फार जवळ आले. त्यांची सात बेटे भर घालून एक झाली. धारावी हे एके काळी खाडीकाठचे कोळी गाव. खाडी बुजत गेली आणि मासेमारी संपली, कोळीवाडा हे नाव मात्र उरले. १८७५ मध्ये ससून गोदी झाली, गिरण्या आल्या, उंच इमारती आल्या. यंत्राच्या होड्या आल्या, मग मोठे ट्रॉलर आले. मतलई वाऱ्याची गरज संपली. मासे कोठे आहेत हे आता पडद्यावर दिसते. बेट सोडून जावे लागले नाही, पण बेटच पायाखालून निघून गेले. एक समाज एकटेपणाने विरला, दुसरा गर्दीत विरतो आहे. भाषेच्या दृष्टीने परिणाम एकच.

पण कोळ्यांचे ज्ञान आता केवळ जुनी आठवण झाली आहे, असे कोणी समजू नये. मुंबईच्या किनाऱ्याने नवा सागरी रस्ता बांधताना वरळीजवळ समुद्रात खांब उभे करावयाचे होते. दोन खांबांत साठ मीटर अंतर पुरे, असा योजनेचा हिशोब होता. वरळीच्या कोळ्यांनी सांगितले की, वारा आणि ओढ असताना आमच्या होड्या एवढ्या फटीतून सुखरूप जाणार नाहीत. त्यांनी काम अडविले, वाद झाला, आणि २०२२ च्या अखेरीस हे अंतर १२० मीटर करण्याचे सरकारला मान्य करावे लागले. कोळ्यांची मागणी त्याहूनही अधिक होती, हेही सांगितले पाहिजे. यात कोण किती बरोबर याचा निवाडा आम्ही करीत नाही. आम्हांला एवढेच दाखवावयाचे आहे की, खडकात पाणी कसे वळते हे ज्यांना शेकडो वर्षे ठाऊक आहे, त्यांना विचारण्याचे आधी कोणाला फारसे सुचले नाही. तिकडे पालघर जिल्ह्यात वाढवण येथे प्रचंड बंदर व्हावयाचे आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याची पायाभरणी झाली आणि तेथील मासेमार त्याला विरोध करीत आले आहेत. राष्ट्राला बंदरे लागतात हे खरे. पण हिशोबाच्या वहीत किती मालाची चढउतार होईल याचा आकडा असतो. बंदराच्या जागी डोलींच्या किती पिढ्यांचे ज्ञान आहे, त्यासाठी रकाना नसतो.

मग करावे काय? मासेमारी जुन्या पद्धतीनेच करा आणि शिडाच्याच होड्या हाका, असा उपदेश घाटावर बसून करण्याचा आपल्याला अधिकार नाही. यंत्राने जीव वाचतात, श्रम वाचतात. ब्लास्केटच्या त्या तरुणासाठी एखादी यंत्राची होडी वेळेवर गेली असती तर तो कदाचित वाचला असता. कोळ्याच्या मुलाने शिकून अधिकारी व्हावे, मुलीने डॉक्टर व्हावे. प्रश्न धंदा बदलण्याचा नाही. बदलताना काय लिहून ठेवले याचा आहे. ओक्रोहनला ठाऊक होते की, आपले जग फार दिवस टिकणार नाही. म्हणून त्याने रडगाणे गायिले नाही. चुलीवर काय शिजे, घर कसे बांधीत, होडी बुडाली तेव्हा कोण कसे वागले, हे साध्या शब्दांत लिहिले. आपल्या कोळीवाड्यांतील शिकलेल्या तरुण-तरुणींनी आपल्या आजीजवळ बसून हेच करावे, आपल्याच बोलीत करावे, 'ळ' चा 'ल' तसाच ठेवावा. आणि मराठीच्या विद्यापीठांनी, साहित्यसंस्थांनी ते छापावे. अशुद्ध म्हणून सुधारू नये.

यात आपलाही वाटा आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, पुढे मुळा धरण झाले, पैठणच्या नाथसागराचे पाणी आपल्या जिल्ह्यात शिरले. या पाण्यांवर भोई समाज मासेमारी करतो. नदीची मासेमारी धरणाची झाली तेव्हा त्यांच्याही बोलीतले किती शब्द बुडाले असतील! डोहांची नावे बुडाली, उतारांची बुडाली. अकोल्याच्या डोंगरात महादेव कोळ्यांच्या बोलीत रानभाज्यांची, भाताच्या जुन्या वाणांची नावे अजून ऐकू येतात. ज्या नगरच्या दरबाराने एकदा मेढेकोटाचा फक्त किल्ला पाहिला, त्या नगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, लोकांनी या वेळी माणसे पाहावीत. वही-पेन्सिल घेऊन एखाद्या रविवारी धरणाच्या काठावर जाणे एवढेच भांडवल त्याला लागते.

आपली वसंतातली व्याख्याने उरकतात न उरकतात तोच १ जून उजाडतो आणि समुद्रात मासेमारीची दोन महिन्यांची बंदी लागते. किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जातात, जाळी पसरून उसवलेले धागे शिवले जातात. कोळीवाड्यात गप्पांना वेळ असतो तो याच दिवसांत. आजी याच दिवसांत बोलतात. पुढच्या बाजारी सुकट घेताना पाटीवाल्याला विचारावे की, बाबा, ही कोणत्या बंदरची? उत्तर मिळाले तर एक नाव घाट चढून आले, असे समजावे. तेथून पुढची वाट आपली.